मशीनचा वाटा

— शिट्टीसारखा आवाज यायचा, नंदकुमार साहेब. लालबागच्या गिरणीत तेव्हा एकाच फिरत्या दांड्यावर, पट्ट्यांनी, मागांची अख्खी रांग चालायची. एक माग अडकला की पट्टा शिट्टी मारायचा, आणि पुढचे सगळे मंद व्हायचे. फार वर्षं झाली. आज सकाळी तुमच्या केबिनबाहेर उभा होतो ना, तेव्हा आठवलं. आवाज कुठला म्हणा इथं — उलट पलीकडच्या हॉलमधली मुलींच्या टायपिंगची खटखट एकदम थांबली, म्हणूनच आठवलं. चहा घ्या, निवतोय.

मी शिपाई माणूस, मला त्यातलं काय कळणार? पण जयंतीबाई मशीन सांभाळतात, त्या बोलत होत्या. कॉम्प्युटरचं मोठं मशीन एकच — नोंदी भरणाऱ्या मुलींच्या टेबलावरचे पडदे त्यावरच, तुमचाही त्यावरच. तुम्ही मोठा प्रश्न घातलात, सगळ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या नोंदी चाळायचा. उत्तर येईना, म्हणून तोच परत घातलात. मग परत. वाटलं असेल पहिला पोचलाच नाही — कुणालाही वाटेल. पण मशीन सगळेच घेऊन बसलं म्हणे, मुलींनी बटण दाबलं तरी अक्षर उमटेना. जयंतीबाई म्हणतात, एका प्रश्नानं मशीन किती खायचं त्याला हद्द घालता येते, फक्त साहेबांनी हो म्हणायला हवं. तुमचा रिपोर्ट उशिरा येईल — पण येईल.

नाहीतर काय होतं? मुलींचं काम तुंबतं. आणि मघाशी तुम्ही म्हणालात, सगळ्यात मागं असेल तिला आज संध्याकाळी काढा. ती कोपऱ्यातली रुक्मिणी, ती मागं आहे. आळशी नाही ती, साहेब. झोपेतसुद्धा गोधडीवर बोटं चालतात तिची, मग मी हळूच गोधडी वर ओढतो —

हं. बोलून गेलो खरा.

होय, माझीच लेक. नात्यातलं माणूस घ्यायचं नाही, हा इथला नियम ठाऊक आहे मला. तिनं अर्जात खोटं नाही लिहिलं, नवऱ्याचं आडनाव लावते ती. जावई गल्फला गेला तो तिकडचाच झाला, जोगेश्वरीला आम्ही दोघंच. तुम्ही मला काढा. मी म्हातारा, कुठल्याही दारात स्टूल टाकून बसेन. हद्द तेवढी घाला, मग बघा तिचा हात कसा चालतो — आजचा दिवस बघा, एवढंच —

उठलात? चहा राहिला की, साहेब. मशीनची खोली डाव्या हाताला — जयंतीबाई तिथंच आहेत. इकडं, साहेब. तिकडं तर मुली बसतात, रुक्मिणी बसते. साहेब —