न विचारलेलं मागणं

—छे, त्या बसवाल्या पोरीनं तुला कुवेत दाखवलंच नाही. तीन मनोरे, एक बाजार, एक संग्रहालय, वर आइस्क्रीम — झाला इतिहास. चौकातलं ते गलबत पाहिलंस ना, कारंज्यातलं? त्याला बांधलेत ते दोर कपडे वाळत घालायचे. आणि नाखवा म्हणून उभा केलेला तो पुतळा — हात पाहिलेस त्याचे? लोणी लावल्यासारखे. माझे बघ. बघ की. आणि खाली पाटी काय, तर म्हणे 'समुद्र ही आमची आई'. कुठली आई पोराच्या कानातून रक्त काढते रे? मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांत दोन्ही कान शाबूत असलेला एक माणूस आण माझ्यासमोर. पाट्या लिहिणारे सगळे गार खोलीत जन्मलेले. मी, हा बू-घानिम, चौदाव्या वर्षी कालिकतला गेलो, साग भरून आणला, वाटेत देवमाशानं आमचं सुकाणू चावलं — हसू नकोस, त्याचा दात आहे माझ्याकडे, कपाटात, किल्ली तेवढी सापडत नाही.

कहवा घे, गार होतोय. कडू? कडूच असतो, साखर घालतात ती आजकालची माणसं. तर काय सांगत होतो — तुमची बस उभी होती ना, तिथंच आमचं घर होतं. मातीचं, समुद्राकडे तोंड केलेलं. सरकारनं पाडलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या बैठकीत मी जिथं लोडाला टेकून बसायचो, तिथं आता पार्किंगच्या चिठ्ठ्या देणारं यंत्र आहे. हे दाखवलं का तिनं? कशाला दाखवेल.

तू अजून पेला उचलला नाहीस. पाऊण तास झाला. हे बघ पोरा, लंडनहून येऊन बसमधून हिंडणाऱ्याला हे सुचत नसतं. कहवा न पिता पुढ्यात ठेवायचा, मग यजमानानं विचारायचं, काय हवंय? आणि एकदा विचारलं की नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून तर मी मघापासून देवमासे सांगतोय. कोणी शिकवलं तुला हे? आजीनं? — नाव घेऊ नकोस. आत आलास तेव्हाच नाक ओळखलं मी.

तुझ्या आजोबानं, त्या याकूबनं, असाच पेला ठेवला होता आमच्या बैठकीत. वीस माणसं बघत होती. मी विचारलंच नाही. नोकराला म्हटलं, उचल रे, पाहुण्याला तहान नाही. काय हसले सगळे. नाखव्याची बहीण गलबतं ठोकणाऱ्या सुताराला द्यायची? — लोकांना मी असंच सांगितलं. सुतार तसा चांगला होता, त्यानं बसवलेल्या फळीतून कधी थेंब आत आला नाही. पण आमची आई गेलेली, आणि सबीका... सहा-सहा महिन्यांनी मी सफरीवरून परतायचो तर ही दारात उभी, सलाम नाही की काही नाही, पहिलं विचारायची, या खेपेला काय खोटं आणलंस सांगायला? ती गेल्यावर मी कोणाला सांगणार होतो? बायको? बायकोला सगळं खरंच वाटायचं. — जाऊ दे, तुला काय करायचंय. शेवटी माझ्या होकाराविना काजीनंच लग्न लावून दिलं, दोघं गेली. पंचेचाळीस वर्षं माझ्या घरात कोणी तिचं नाव घेतलं नाही. मी घेऊ दिलं नाही.

तू काय मागणार ते कळत नाही का मला? म्हातारीला घरी यायचंय. मी विचारणार नाही. बस असाच रात होईपर्यंत. तिला फोन कर लंडनला आणि सांग, बू-घानिम काही — काय? लंडनला नाही? मग कुठं? — गाडीत? कुठल्या गाडीत, माझ्या फाटकाबाहेर? या उन्हात? सत्तर वर्षांची बाई उन्हात बसलीय आणि तू इथं देवमाशाच्या गोष्टी ऐकतोयस, गाढवा? लंडनला एवढी शाळा शिकून हीच अक्कल? ऊठ. बायकांचं दार त्या भिंतीपलीकडे आहे, अडकतं ते, खांद्यानं ढकल. आणि नीट ध्यानात ठेव — तू काही मागितलं नाहीस, मी काही विचारलं नाही. आता तोंडाकडे काय बघतोस माझ्या, चालता हो.