माप घेऊ का?

आवो ताई, हात लावला न्हाय मी! नुसतं बघितलं! नुसतं पायाकडं बघितलं तर लेकरू असं पोटाशी ओढलंसा, जसं काय मी पिशवीत घालून हुपरीला नेणार हुतो... बसा, बसा, मीच सरकतो तिकडं. हुपरीची गाडी लागायला अजून अर्धा तास हाय. पावणं, तुम्हीच सांगा, माझ्याकडं बघून काय वाटतंय? डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, वय पासष्ट. असला माणूस पोरं पळवतोय व्हय? पण न्हाय! आता नजरेला बी परवानगी लागती! घरात तीच तऱ्हा, स्टँडवर बी तीच...

मी गुंडू. हुपरीचा. पन्नास वरसं चांदीचं पैंजण घडवतोय, आणि तुमास्नी सांगतो, आमच्या धंद्यात माणसाचं तोंड कोण बघत न्हाय, नजर डायरेक घोट्यावर जाती. बारशाला गेलो की लोक इचारत्यात नाव काय ठेवलं, मी पाय धरतो! खिशातनं दोरा काढायचा, घोट्याभवती एक येढा, गाठ, झालं माप. पोरगं रडतंय? रडू दे की! रडल्याबिगर माप दिलेलं पोर मी अजून बघितलं न्हाय. हजारभर लेकरांचं पाय धरलं असतील, एका आईनं इचारलं न्हाय का धरलासा म्हणून. उलट म्हणायच्या, "आण्णा, जरा ढिलं ठेवा, पुढच्या वरसाला बी बसू दे." आणि सख्ख्या नातीचा पाय धरला, तर माझ्या सख्ख्या पोरानं मला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा गिलास दिला, आणि काय म्हणाला म्हायती हाय? "आण्णा, आदी तिची परमिशन घ्यायची." परमिशन! मी काय परका हाय व्हय?

थांबा, पयल्यापासनं सांगतो. आमचा विश्वजित, पोरगा, कोरियाला गेलता. उत्तर न्हवं, दक्षिण... सगळी आदी त्येच इचारत्यात. गाड्यांचं पार्ट करायच्या कंपनीत. संगं सून स्नेहल आणि नात राजनंदिनी, तवा एक वरसाची. पाच वरसं हुती तिकडं. पाच वरसं मी नात बघितली ती मोबाईलात, छातीपतूर! पाय कधी दिसलंच न्हाईत. मी म्हणायचो, "विश्वा, जरा मोबाईल खाली कर की रं," तर त्येला वाटायचं म्हाताऱ्याला फरशी बघायची हाय. "इटालियन हाय आण्णा," म्हणायचा. मरू दे की तुझी फरशी!

आता मे महिन्यात आली परत, हितं कोल्हापुरात फ्लॅट घेतला. मी दोन महिनं आदीच कामाला लागलो. एकेका पायाला एकवीस घुंगरं, असा जोड. आमच्यात रीत हाय, घरातली लेक पाच वरसाची झाली की तिच्या पायात पैंजण थोरल्यानं सोताच्या हातानं घालायचं. आज्ज्यानं आत्तीला घातलं, बानं माझ्या बहिणीला घातलं, मला लेक न्हाय, विश्वा एकुलता एक. म्हंजे ध्यानात येतंय का? पन्नास वरसं दुनियेच्या पोरींच्या पायात घालून झालं, आणि माझ्या घरात घालायला मिळालेला हा पयला आणि शेवटचा पाय! म्हंजे दोन पाय.

दार उघडलं. पोरगी समोर. सहा वरसाची, काटक, डोळं अगदी माझ्या आईचं. मी काय केलं? जे पन्नास वरसं केलं त्येच! पिशवी टाकली, खाली बसलो, धरला पाय, घातला दोरा! तर पोरीनं पाय वडून घेतला, दोन पावलं मागं सरली, दोन्ही हातांची छातीवर अशी फुली केली, आणि अख्ख्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं वरडली, "आन्देयो! शिरोयो! हाजिमासेयो!"

मला वाटलं मंत्र टाकला! हातातला दोरा गळाला. वरच्या मजल्यावरचं गॅलरीत आलं, वॉचमन शिट्टी फुकत जिन्यात आला, आणि मी असा उंबऱ्यात, गुडघ्यावर, चोरागत! स्नेहल म्हणाली, "आण्णा, घाबरू नका, तिकडे बालवाडीत शिकवतात." म्हटलं, काय शिकवत्यात? आज्ज्याला हाकलायला? "नाही हो. जमणार नाही, मला आवडत नाही, असं करू नका. तीन वाक्यं. कुणी अंगाला हात लावला आणि पोराला नको वाटलं, तर मोठ्यानं म्हणायचं." कुणी म्हंजे? "कुणीही." अगं पण आज्जा बी? "आण्णा, कुणीही म्हणजे कुणीही." घ्या! पाच वरसं वाट बघितलेला आज्जा आणि रस्त्यावरनं चाललेला कोण कुठला माणूस, दोघास्नी एकच कायदा! मी काय परका हाय व्हय?

मग विश्वजितचं भाषण. "आण्णा, कोरियात बी पूर्वी आपल्यागतच हुतं. कुणाचं बी लेकरू दिसलं की म्हातारी माणसं गाल वडायची, तोंडात खाऊ कोंबायची. शाळंत मास्तर छडीनं फोडायचा, घरात बाप, आणि शेजारी म्हणायचं, त्यांच्या घरचं हाय, आपुन कशाला बोला. आता बदललंय. पोराला हाणायचा बापाचा हक्क बी कायद्यातनं काढून टाकलाय." म्हटलं, मग पोरास्नी वळण कसं लागायचं? तुला कसं लागलं? माझ्या पट्ट्यानंच की! तर म्हणाला, "पट्टा आठवतोय आण्णा. वळण कसलं हुतं ते आठवत न्हाय."

ह्यो माझा पोरगा. बोलतोय का असं कुणी बापाला? मी उठलो, पैंजणाची डबी पिशवीत टाकली, आलो हुपरीला निघून. जेवलो बी न्हाय. म्हंजे बायडाबाईनं थालीपीठ केलतं, तेवढं खाल्लं.

आणि ती बायडाबाई! आमचं कुटुंब! मला वाटलं, एकटी तरी माझ्या बाजूनं. ती दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात आली आणि पोरीला काय म्हणाली, "राणी, मिठीत घेऊ का?" पोरगी म्हणाली, "घे." झालं! गेली त्यांच्या पार्टीत! घरी येऊन मला म्हणती, "इचारायला काय पैसं पडत्यात?" अगं पण मी का इचारू? देवळात लोक देवाचं पाय धरत्यात, देवाला इचारत्यात का धरू का म्हणून? देव कधी छातीवर फुली मारून वरडलाय का? आणि मी सोताच्या नातीम्होरं अर्ज करू? सोबत दोन फोटू जोडू?

आठ दिवस गेलो न्हाय. मग न राहवून गेलो, पण बोललो न्हाय. सोफ्यावर फुगून बसलो. सकाळचं दहा वाजलेलं, तर स्नेहलचा मोबाईल वाजला. कोरियातली म्हातारी. ह्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची, राजनंदिनी तिला हाल्मोनी म्हणती, म्हंजे आज्जी. केस पांढरं, आवाज आमच्या हुपरीच्या बाजारात चार दुकानं पलीकडं ऐकू जाईल असा. मी म्हटलं, बरी गावली! स्नेहल, सांग तिला. सांग तुमच्या देशानं माझ्या घरात काय करून ठेवलंय. पाच वरसं, एकवीस घुंगरं, उंबऱ्यात गुडघ्यावर, सगळं सांग!

स्नेहलनं सांगितलं. म्हातारी हसाय लागली ती खोकाय लागली. मग काय काय बोलली, ते स्नेहल मला सांगत गेली. "आण्णा, त्या म्हणतात, त्यांचंही असंच झालेलं. लिफ्टमध्ये एका बाळाचा गाल धरला, तर त्याची आई म्हणाली, हात लावू नका. यांना इतका राग आला, की वर्षभर लिफ्टनं गेल्या नाहीत. सातव्या मजल्यावर जिन्यानं!" मी म्हटलं, शाब्बास! ह्याला म्हणत्यात माणूस! इचार तिला, मग आता का जाती लिफ्टनं? गुडघं गेलं काय?

म्हातारी हसायची थांबली. स्नेहल बी जरा थांबून थांबून सांगाय लागली. "त्या म्हणतात, मी सात वर्षांची होते. सणाला घरात एक काका यायचे. मांडीवर दाबून बसवायचे, गालाला दाढी घासायचे, सोडायचे नाहीत. मी रडायची, सगळे हसायचे. मी आईला म्हणाले, मला नको. तर आई म्हणाली..." म्हटलं, सांग की, काय म्हणाली? "आई म्हणाली, काका काय परका आहे का?"

...

पाणी हाय का कुणाकडं? द्या जरा.

माझी धाकटी बहीण हाय, झुंबर. आमच्या घरात बी असाच एक लांबचा मामा यायचा. तसाच. दाढी घासायचा. आणि त्येची सायकल दारात लागली की झुंबर भट्टीमागं लपायची. सगळी हुडकायची, तिला कोण हुडकून काढायचं? मी. का, तर तिच्या पायात पैंजण हुतं. वाजायचं की! मी आवाजावर जायचो, हाताला धरून वडून आणायचो, लई भारी खेळ वाटायचा मला, आणि म्हणायचो, "चल गं, मामा काय परका हाय व्हय?" एकदा तिनं पैंजण काढून राखंत लपवलं. चांदीची हयगय केली म्हणून बाच्या हातचा मार खाल्ला. आता मलकापुरात नांदतीया, नातवंडं हायत, आणि पायात पैंजण न्हाय. पैंजणवाल्याची लेक, पैंजणवाल्याची बहीण, पाय मोकळं! मी चाळीस वरसं तिला चिडवत आलोय. चाळीस वरसं हसत आलोय मी.

परवा फोन लावला तिला. काय बोलावं सुचंना. म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "दादा, सकाळचं आठ वाजल्यात." म्हटलं बरं, आणि ठेवला.

म्हंजे मला पटलं असं समजू नका हां! राग हायच! अजून हाय! त्या मामाला आणि मला एका दावणीला बांधायचं काय कारण? पण मागल्या रविवारी काय झालं ऐका. स्नेहलचं मामा आलं, कोडोलीचं पिराजीराव. गडी मोठा, मिशा मोठ्या, आवाज मोठा, संगं पेढ्याचा मोठा पुडा. आल्या आल्या राजनंदिनीला उचलून खांद्यापतूर नेलं, "दे पापी! मामाआज्ज्याला पापी दे!" पोरगी म्हणाली, "नको." हळूच म्हणाली. फुली मारायला हातच मोकळं न्हवतं. पिराजीराव म्हणालं, "पापी दिल्याबिगर सोडत न्हाय!" स्नेहल "मामा, खाली ठेवा" म्हणती, विश्वजित म्होरं येतोय, त्यो माणूस हसतोय, आणि पोरगी माझ्याकडं बघाय लागली. माझ्याकडं! आणि पिराजीराव काय म्हणावं? "आवो आण्णा, सांगा की हिला. मी काय परका हाय व्हय?"

तुमास्नी सांगतो, माझं मलाच कळलं न्हाय. मी उठलो, दोन्ही हातांची छातीवर फुली केली आणि वरडलो, "आन्देयो! शिरोयो!" तिसरं आठवलंच न्हाय. म्हटलं, "...आणि ठेव तिला खाली, पिराज्या!" वॉचमन परत शिट्टी फुकत आला. पिराजीरावानं पोरगी ठेवली, पेढ्याचा पुडा उचलला आणि चहा न घेता गेलं. सोयरीक राहिली का गेली, म्हायती न्हाय. स्नेहलची आई फोन उचलंना झालीया.

मी आपला सोफ्यावर बसलो. राजनंदिनी आली, माझ्याम्होरं उभी राहिली, म्हणाली, "आज्जा, तिसरं हाजिमासेयो." म्हटलं, व्हय बाई, चुकलं. मग इकडं बघितलं, तिकडं बघितलं, विश्वजित आत गेलाय याची खात्री केली, खिशातनं दोरा काढला आणि... इचारलं. पासष्टाव्या वरसी. "माप घेऊ का?" पोरीनं लई इचार केला, पंचायतीत बसल्यागत. आणि सोफ्यावर बसून पाय म्होरं केला. ताई, मी आजवर रडत न्हाय अशा पोराचं माप घेतलंच न्हवतं. दोरा घातला, गाठ मारली, पिशवीतल्या डबीतनं पैंजण काढलं, त्येच्या दोन कड्या कमी केल्या, पायात घातलं. एकवीस घुंगरं वाजली. कानात प्राण आणून ऐकलं मी. मग दुसऱ्या पायाला हात घालणार, तर वडून घेतला!

"का गं?"

"आज एकच. ह्या पायाला आवडतंय का बघते आधी."

आवो, एकच? जगात कुणी एका पायात पैंजण घातलंय? पन्नास वरसाचा धंदा, हुपरीत तोंड दाखवायला जागा राहील का? पोरगी अख्ख्या बिल्डिंगीत फिरती, एक पाऊल छुम, एक पाऊल गप... छुम, गप! लोक इचारत्यात, कुणी घडवलं? ती माझं नाव सांगती! आज सहावा दिवस. रोज हुपरीवरनं येतो, इचारतो, रोज म्हणती, "उद्या बघू." हे बघा, खिशात घेऊन हिंडतोय दुसरं.

आली बघा गाडी. चला... ताई, तुमच्या बाळाचा पाय लई झ्याक हाय हो, लांबनं सांगतो. आणि पावणं, तुम्ही मगापासनं इचारताय, शेवटी नातीनं आपलं मानलं का न्हाय. काय सांगू तुमास्नी? एका पायाला आज्जा हाय, दुसऱ्या पायाला अजून परकाच!