खोलीत कोण होतं

(नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन शहर. एव्हर्टचं स्वयंपाकघर. गुरुवार, दुपारचे पावणेचार. टेबलावर छापून काढलेली दोन पानं.)

रिन्स्के : वाचला. दोनदा वाचला. हा लेख तू देऊ नकोस, एव्हर्ट.

एव्हर्ट : आज पाचला छापायला जातोय. शनिवारच्या पुरवणीत माझं पान मोकळं ठेवून बसलेत. सव्वीस वर्षं मी तिथं सिनेमांची आणि गाण्यांची हजामत करतोय, पण गाडी हाकत घरी येऊन 'नको' म्हणणारी तू पहिलीच. बस, कॉफी टाकतो.

रिन्स्के : टोमणे नकोत. मी डाउवेची बहीण म्हणून आलेय.

एव्हर्ट : डाउवेवर सिनेमा काढणाऱ्यांशीही तू त्याची बहीण म्हणूनच बोललीस ना?

रिन्स्के : ते आमच्याकडे आले. पटकथा लिहिणारी बाई तीन दिवस राहिली. चांगली होती. डाउवेचे फोटो बघताना रडली.

एव्हर्ट : रडणाऱ्यांचीच मला धास्ती वाटते. मला कथेतून काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, ठेवलं आणि पळून जायला लावलं. माझं काम करणारा पोरगा देखणा आहे, चामड्याचं जाकीट वगैरे. डाउवेला एड्स झालाय हे कळल्यावर स्टेशनवर थोडा रडतो आणि बर्लिनची गाडी पकडतो. म्हणजे खोली रिकामी झाली. मग आई येते, सूप घेऊन.

रिन्स्के : तुझं नाव कुठंय त्यात? कुणाला कळणार तो तू म्हणून?

एव्हर्ट : डाउवेचं नाव खरं, गाव खरं, बँडमधला त्याचा कॉर्नेट खरा. त्यानं आयुष्यात एकाच माणसाबरोबर, माझ्याबरोबर, संसार केला, या शहरात, बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत, सात वर्षं. मग पळाला तो कोण? बेकरीवाला?

रिन्स्के : सिनेमा आहे तो.

एव्हर्ट : सिनेमाच तर आहे. मी लहान होतो तेव्हा पडद्यावर आमच्यासारखा माणूस आला की लोक हसायचे. चालताना कंबर हलवायची, एवढंच त्याचं काम. मग आम्ही नायिकेचे मित्र झालो. तिला कुठला झगा शोभतो ते सांगायचं आणि शेवटच्या नाचात टाळ्या वाजवायच्या. आता आम्ही मरतो. छान उजेडात, मागं व्हायोलिन लावून मरतो, म्हणजे आमच्या आयांना चांगलं होता येतं. दोन पुरुष एका बिछान्यात चार सेकंदांहून जास्त दिसले तर मला सांग. मी घड्याळ लावून मोजलंय. आणि आई किती वेळ आहे पडद्यावर? एक्केचाळीस मिनिटं.

रिन्स्के : पण लोकांना आवडलाय.

एव्हर्ट : आवडणारच. लोक थिएटरातून स्वतःवर खूश होऊन बाहेर पडतात. त्या नटाला सगळे धाडसी म्हणतायत. बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि तरी एका पुरुषाचं चुंबन घेतलं म्हणे. मी सात वर्षं घेत होतो, मला कुणी धाडसी म्हटलं नाही. घरमालक जे म्हणायचा ते मी लेखात घातलेलं नाही. आमच्या कचेरीतला तरुण संपादक आमच्यातलाच आहे. नवरा आहे, मुलगी आहे, जून महिन्यात, आमच्या प्राइडच्या दिवसांत, पुरवणीच्या मथळ्याची अक्षरं इंद्रधनुष्याच्या रंगांत छापतो. तो मला म्हणाला, तुमच्या पिढीला काही चालतच नाही, निदान आपली गोष्ट तरी सांगतायत. मी म्हटलं, बाबा रे, आपली कुठं, ती तर त्याच्या आईची सांगतायत.

रिन्स्के : तू कडवट झालायस.

एव्हर्ट : झालोय. आता तूच सांग, सूप कुठून आलं? शेवटचे अकरा दिवस त्याच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मी थंड चहात कापूस बुडवून त्याचे ओठ ओले करायचो. सिनेमात तो वाटीभर सूप पितो आणि वर मीठ कमी आहे म्हणून थट्टा करतो. तुझे आईवडील आले ते तो गेल्यावर, शवपेटी घेऊन. तुझे वडील मला म्हणाले, कपडे तेवढे द्या. गावी पुरलं, मला दिवस कळवला नाही. पेपरातल्या निधनाच्या जाहिरातीत सगळ्या घराची नावं होती, माझं नव्हतं. गावच्या बँडनं खाली आपली वेगळी जाहिरात दिली होती, 'आमचा कॉर्नेटवादक' म्हणून. मी ती आमच्या खोलीत बसून वाचली.

रिन्स्के : मला माहीत आहे.

एव्हर्ट : माहीत होतं तर त्या बाईला सांगितलं का नाहीस?

रिन्स्के : आई समोर बसली होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, मी जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी जाणारच होते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी गेले होते. ती बाई लिहून घेत होती. मी कॉफी ओतत होते.

एव्हर्ट : आणि मी पळून गेलो, हे?

रिन्स्के : ते तर घरात पहिल्यापासूनच तसं सांगायचे. चर्चमध्ये लोक विचारायचे, त्याच्यापाशी कुणी होतं का. बाबा म्हणायचे, जो होता तो पळाला. तेवढ्यावर लोक गप्प बसायचे. एव्हर्ट, ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. आता तिला खरंच आठवतं की ती तिथं होती. सूप आठवतं. तू शनिवारी छापलंस तर सगळं गाव वाचेल. आणि अजून एक ऐक. आमच्या शेजारी योहानेस आहे, गाईवाला. त्याचा मुलगा एकोणीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला, याच कारणानं. योहानेस सिनेमा बघून आला आणि त्यानं त्याला फोन केला. पोरगा नाताळला येतोय, त्याच्या माणसाला घेऊन. हे त्या खोट्या सूपामुळंच झालं ना?

एव्हर्ट : झालं. मला आनंद व्हायला पाहिजे. थोडा वेळ थांब, बघू होतो का.

रिन्स्के : एव्हर्ट.

एव्हर्ट : नाही होत. कुणाचं तरी पोरगं घरी यावं म्हणून मी पळालेलाच बरा, असं म्हणतेयस तू. इतकी वर्षं आम्ही नाही का हेच केलं? सगळ्यांना सोयीचं पडेल असं वागलो. आता मेलेल्यानंही तसंच वागायचं.

रिन्स्के : मी सगळं सांगितलेलं नाहीये. रविवारी सिनेमा बघून परत येताना आईनं गाडीत विचारलं, तो पळालेला मुलगा, त्याचं पुढं काय झालं? मी म्हटलं, आहे, ग्रोनिंगनला असतो, पेपरात लिहितो. मग म्हणाली, तू भेटलीस तर त्याला निरोप सांग.

एव्हर्ट : काय निरोप?

रिन्स्के : नको, जाऊ दे.

एव्हर्ट : सांग.

रिन्स्के : म्हणाली, माझा त्याच्यावर राग नाही. कोवळं वय होतं, घाबरला असेल. मी त्याला माफ केलंय.

एव्हर्ट : बरं.

रिन्स्के : मी हे सांगायला नको होतं.

एव्हर्ट : नाही, बरं झालं. म्हणजे आता माझ्या हिशेबी काही शिल्लक नाही. तिला सांग, निरोप पोचला. आणि लेख जाणार. तिच्याबद्दल त्यात एकही वाईट शब्द नाही, तू पाहिलंसच. फक्त खोलीत कोण होतं एवढंच लिहिलंय. तिला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. पण मी तिथं होतो, रिन्स्के. त्याचा हात गार पडला तेव्हा तो माझ्या हातात होता. ते मी कुणालाही देणार नाही. गाव दुखावलं तरी नाही.

रिन्स्के : लेखात मीही नाहीये.

एव्हर्ट : तुझं काय काम त्यात?

रिन्स्के : मी खाली असायचे, ते तुला ठाऊक होतं?

एव्हर्ट : दवाखान्यातल्या त्याच्या खोलीची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडायची. तुझ्या बाबांची हिरवी गाडी त्यानं ओळखली होती. चार दिवस रोज दुपारी दोन ते चार तू तिच्यात बसून असायचीस. म्हणाला, रिन्स्के आलीय, वर येईल. मी खाली येऊन तुला बोलवणार होतो, तर म्हणाला, नको, तिला तिच्या पायांनी येऊ दे.

रिन्स्के : बावीस वर्षांची होते मी. बाबांनी सांगितलं होतं, वर पाऊल टाकलंस तर परत घरी यायचं नाही. मी त्याला दिसत होते हे मला माहीत नव्हतं.

एव्हर्ट : म्हणूनच लिहिलं नाही.

रिन्स्के : पाचला अजून वेळ आहे ना?

एव्हर्ट : आहे तासभर.

रिन्स्के : मग लिही. माझं नाव घालून लिही. आणि गाडीच्या काचा वर केलेल्या होत्या, तेही लिही.