बर्फातल्या सुट्टीची खाटवाटणी

...आणि वर तोंड करून म्हणतात कसे, "आत्याला काय, वेळच वेळ!" अहो, असेल वेळ! रिटायर झालेय मी, वेळ असणारच! पण म्हणून सगळ्या घरादाराच्या तऱ्हा एका छपराखाली कोंबायचं काम माझ्या गळ्यात? तेही कुठे, तर बर्फात! तुम्हाला सांगते, मी जन्मात बर्फावर घसरले नाही, बाथरूममध्ये एकदा घसरले तेवढंच... आणि मी शोधायची बर्फात राहायची जागा!

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याच्या डोक्यात आलं की यंदा वसंताच्या सुट्टीत अख्ख्या कुटुंबानं मिळून स्कीइंगला जायचं. दादा, वहिनी, मुलगा-सून, मुलगी-जावई, आणि दोघांची दोन-दोन पोरं. लगेच फोनवर ग्रुप काढला, दोनशे अंगठे वर झाले, आणि पाचव्या मिनिटाला घोडं अडलं. जागा कोण बघणार? भाचा म्हणे मला ऑफिस. भाची म्हणे मला ऑफिस आणि वर जुळी. जावई काहीच म्हणाला नाही, जावई आहे तो. मग भाच्यानंच लिहिलं, "आत्याला काय, वेळच वेळ! शिवाय तिला खाटा लावायची सवय आहे!"

सवय आहे हो, नाही कशाला म्हणू? एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात भरतीच्या टेबलावर होते. पेशंट आला की कुठल्या वॉर्डात कुठली खाट, हे मी ठरवायचे. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. घोरणारा कोपऱ्यात, खोकणारा दाराशी, घाबरलेला नर्सच्या डोळ्यांसमोर, आणि ज्याला भेटायला कोणीच येत नाही तो खिडकीपाशी, म्हणजे त्याला निदान रस्ता तरी दिसेल. हे शेवटचं कुठल्या नियमात नव्हतं, माझं मीच ठरवलेलं. तर काढला मी तोच चौकटीचा कागद. पेन्सिलीला टोक केलं. म्हटलं, सांगा एकेकानं काय काय हवंय.

सांगितलं की! दादाला बर्फ दाराशी हवा. "दार उघडलं की घसरलो पाहिजे!" अरे दादा, जिना उतरताना तू कठड्याला मिठी मारतोस! वहिनीचं निराळंच. आता वसंतात काय होतं, म्हणजे हे मलाही आत्ताच कळलंय, खालच्या गावांतला बर्फ संपतो, नुसता चिखल उरतो, म्हणून राहायचं उंचावर. आणि उंचावर गेलं की वहिनीचे कान बंद होतात. "वन्सं, उंच नको हो, मग मला तुमच्या दादांचं बोलणं ऐकू येत नाही." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तक्रार सांगताय की फायदा? सूनबाईला स्वयंपाकघर हवंच, कारण धाकटा फक्त पांढऱ्या रंगाचं खातो. भाचीला स्वयंपाकघर नकोच, "कारण असलं की त्यात मीच उभी राहते, आत्या!" आणि जावई? अतिशय सभ्य माणूस. "आत्याबाई, माझ्या काहीच अपेक्षा नाहीत. फक्त खोली पूर्वेला नको, भिंतीपलीकडे नळ नको, गादी मऊ नको, अगदी कडकही नको." काहीच अपेक्षा नाहीत म्हणे!

बसले मी फोन फिरवत. एक हॉटेल मिळालं, अगदी उताराला लागून, दादा खूश! पण खोल्या तीन मजल्यांवर विखुरलेल्या आणि जेवण पाळीपाळीनं, अर्धे सातला, अर्धे साडेआठला. म्हणजे आपलीच माणसं आपल्याला जिन्यात भेटणार! खोडलं. मग दोन फ्लॅट मिळाले, झकास, पण दोन वेगळ्या इमारतींत. सूनबाई लगेच, "चालेल की, निवांत!" भाची, "उलट बरंच!" नाही चालणार, मी म्हटलं. खोडलं. मग एक लाकडी घर सापडलं, वर झाडांच्या रांगेपाशी. मालकीणबाई फोनवर मोठ्यानं बोलणाऱ्या, बहुतेक वाऱ्यात उभ्या राहून. म्हणाल्या, "बाकी काही सांगत नाही, पण जेवणाचं टेबल एवढं मोठं आहे की ते आधी ठेवलं आणि मग भोवती घर बांधलं." बस्स! मी तिथेच ठरवलं.

कारण विचाराल तर ते टेबल. आता खोटं कशाला बोलू तुमच्याशी? एकटीनं जेवायचा मला कंटाळा आलाय हो. उभ्या-उभ्याच जेवते मी ओट्यापाशी. बसलं की समोरची खुर्ची दिसते. भरतीच्या टेबलावर तासाला चाळीस माणसं मला काहीतरी विचारायची, आणि आता मीटर बघायला येणारा माणूस महिन्यातून एकदा विचारतो, "मीटर कुठंय?" तेही त्याला माहीत असतं. आणि या वीस दिवसांत फोन ठेवायला उसंत नव्हती! "आत्या, रोपवे किती लांब?" "आत्या, गिझर आहे ना?" "आत्याला विचार, आत्याला काय, वेळच वेळ!" मी वरवर वैतागत होते, पण फोन उशाला घेऊन झोपत होते.

तर वाटणी झाली. काय वाटणी झाली म्हणून सांगू! दादा घोरतो, तो टोकाच्या खोलीत, वहिनीचे कान बंदच असणार, म्हणजे त्या तिथेच. जावई पश्चिमेला, नळापासून दोन भिंती दूर. पोरं चौघं एका खोलीत. स्वयंपाकघराला दार आहे, सूनबाईनं उघडावं, भाचीनं लावावं. ग्रुपवर कागदाचा फोटो टाकला आणि वाहवांचा पाऊस! "परफेक्ट!" "आत्या, तू कमाल आहेस!" दादानं तर लिहिलं, "एकही माणूस सुटला नाही!"

मग राहिले बूट. ते बर्फाचे बूट भाड्यानं मिळतात, नंबर आधी कळवावे लागतात. मी सगळ्यांच्या पायांचे नंबर गोळा केले, फोन लावला बूटवाल्याला. तो पेंगुळलेल्या आवाजात लिहून घेतोय, बेचाळीस, एकोणचाळीस, पोरांचे अठ्ठावीस, अठ्ठावीस... संपलं. म्हणाला, "झाले दहा. आणि बाई, तुमचा?"

मी म्हटलं, "माझा कसला? मी काही घसरणार नाही." तो म्हणाला, "अहो, बर्फात चालणार तर असाल! की घरातच बसणार?" सदतीस, मी म्हटलं. माझा नंबर सदतीस. तुम्हाला सांगते, वीस दिवसांत मला कोणी विचारलेली ही पहिली गोष्ट, जी माझ्याबद्दल होती!

फोन ठेवला, आणि सहज कागदाकडे बघितलं. मोजल्या खाटा. दहा. पुन्हा मोजल्या, पेन्सिलीनं टिंबं देत. दहा! अहो, एकतीस वर्षं ज्या बाईनं खाटा वाटल्या, तिनं स्वतःची खाटच धरली नव्हती! धरणार कशी? भरतीच्या टेबलावरची बाई कधी यादीत असते का? ती यादी करते आणि संध्याकाळी घरी जाते. हाताला तेच वळण. कपाळावर हात मारून घेतला, हसले सुद्धा एकटीच. आणि मग हसू थांबलं. कारण चूक माझी, मान्य... पण तो कागद नऊ दिवस ग्रुपवर होता. सहा मोठ्या माणसांनी तो पाहिला होता. परफेक्ट म्हणाली होती सगळी!

मग मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी ग्रुपवर लिहिलं, "वाटणीत एक जण राहिलाय. ओळखा कोण?"

आली की उत्तरं! पटापट! सूनबाई: "अय्या, आमचा कुत्रा!" भाची: "हो गं, कुत्रा!" जावई: "कुत्र्याला नळाजवळ दिलं तरी चालेल." दादा: "माझ्या गुडघ्याचा डॉक्टर!" त्यावर सगळे हसले, हसण्याच्या चित्रांची रांग लागली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, कोडी काय घालता, सांगून टाका." मी फोन उपडा ठेवला. भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. मनात म्हटलं, नाव सांगायचं नाही, ओळखू दे. नाही ओळखलं तर घराचा पत्ता आणि कागद पाठवून देईन, आणि तब्येतीचं काहीतरी कारण सांगेन. डोळे भरून आले हो, लपवत नाही.

अर्ध्या तासानं भाच्याचा फोन. लहानपणी माझ्याच कडेवर वाढलेला तो. आधी नुसताच घसा खाकरला. मग, "आत्या... तू आहेस ना ती?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, आम्हाला खरंच वाटलं, तुला थंडी सोसत नाही... तू येणार आहेस का?" येणार आहेस का! मी म्हटलं, "बूट सांगितलेत मी. सदतीस नंबर."

"अगं मग ये ना!" असा ओरडला, मला बरं वाटलं, अगदी खरंच ओरडला. आणि मागून सूनबाईचा आवाज, त्याहून मोठा, "आत्या येतायत? देवासारख्या आल्या! अहो, आम्ही सगळे वर घसरायला गेलो की पोरांजवळ कोण थांबणार, हाच प्रश्न सुटत नव्हता!" मग भाचा फोनवर, एकदम हुशारी आलेली, "आत्या, झालंच की! आम्ही धाकट्याला आमच्यात घेतो, त्याची खाट तुला. पोरांच्याच खोलीत! दुमजली खाटा आहेत तिथे, मजा येईल!"

आता तुम्ही म्हणाल, फटकन ऐकवायचं होतंस! "मी आत्या आहे, आया नाही!" असं काहीतरी. आलं होतं हो ओठांवर, अगदी शब्दन्‌शब्द आला होता... आणि मग ते टेबल डोळ्यांसमोर आलं, दहा माणसं बसलेली, आणि ताट वाढायचं थांबून कोणीतरी म्हणतंय, "आत्या कुठेय?"

मी एवढंच विचारलं, "वरची देताय का खालची?"