डावा हात

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीचे वडील आत होते, दुसरीचे यजमान.

"अर्धांगवायू झाल्यापासून बाबा फार चिडचिडे झालेत हो, काकू. पांघरूण घातलं की भिरकावून देतात."

"दुखतं का, विचारलंस?"

"बोलता कुठे येतं त्यांना? आणि ती बाजू तर बधिरच आहे ना?"

"मलाही तसंच वाटायचं. ह्यांचीही वाचा गेलेली. डावा हात मी तासन् तास कुरवाळत बसायचे आणि हे तोंड फिरवायचे. वाटलं, मी नकोशी झालेय. मग मीही बोलेनाशी झाले."

"मग?"

"इथल्या थेरपीच्या बाईंनी, किती दुखतं ते दाखवायचा चेहऱ्यांचा तक्ता समोर धरला. ह्यांनी रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. नुसत्या स्पर्शानं आग होत होती गं त्या हाताची! मेंदूतूनच उठते म्हणे ती."

"अरे देवा! आणि आता?"

"गोळ्यांनी पुष्कळ कमी आहे. मी उजव्या बाजूला बसते."

"कळलं तरी. बाबांनाही तो तक्ता दाखवायला सांगते."

"आजच सांग. माझी सवय अजून जात नाही बघ. परवा बोलता बोलता त्याच हातावर हात ठेवला. ह्यांनी तोंड नाही फिरवलं. डोळे घट्ट मिटून बसून राहिले, मी आपणहून हात काढेपर्यंत."