मेण निवेपर्यंत

नाही नाही, दुसराही घाला. दुखतो एकच, हे मला ठाऊक आहे मास्तर, पण माझ्या खोलीत दोन्ही हात मेणात जातात — पद्धत आहे माझी, फिजिओथेरपीच्या पुस्तकात नाही सापडायची. घाबरू नका, कोमटाहून थोडंसंच जास्त आहे. बुडवा, वर काढा, परत बुडवा — हां, असं. मापं घेताना गिऱ्हाइकांना सरळ उभं राहा, श्वास सोडा, हात वर करा म्हणून सांगता ना दिवसभर, मग आज जरा तुम्ही ऐका कुणाचं तरी. झालं. आता वरून पिशवी, त्यावर टॉवेल, आणि बसा निवांत, दोन्ही गाठोडी मांडीवर ठेवून. मेण निवेपर्यंत काही म्हणजे काही करायचं नाही. नाक खाजलं तर मला सांगा, मी खाजवते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

थरथरतोय तो तुमचाच फोन. असू दे. उचलून कानाला लावू? नको? पालथा ठेवू मग? — बघा, वळलीच मान. अहो, काही नाही, सहज म्हटलं. गेल्या खेपेला तुम्ही म्हणालात कात्रीनं दुखतो अंगठा, मीही मान डोलावली. पण कात्रीचा घट्टा असतो इथे, बाजूला — तो आहे तुमचा, चांगला जुना, मिरवावा असा. दुखतंय कुठे? खाली, मुळाशी, मनगटाकडे. आणि कधी? अंगठा वरखाली केला की. आता वरखाली कापड कापणारा शिंपी मी तरी पाहिला नाही. पण मी बोलले का काही? नाही बोलले. मी आपली मेण लावते आणि बघत बसते. तुम्हाला सांगते, या खुर्चीत माणूस उघडा पडतो. कुणी डोळे मिटून घोरायला लागतं, कुणी सुनेच्या तक्रारी सांगतं — ती सगळी धडधाकट माणसं. पण एखाद्याला मेण म्हणजे बेड्या वाटतात. पाय हलायला लागतो, अजून किती वेळ, अजून किती वेळ, उगाच माझ्यावर चिडचिड — आणि एकजण तर कोपरानं फोन ओढत होता, शपथेवर सांगते. तुम्ही आत्ता कोपर पुढे नेलंत — नाही? बरं. टेबलच सरकलं असेल.

हसलात, बरं झालं. आता हसता हसता दोन प्रश्नांची उत्तरं द्या. वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात ना, त्यांनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, येईल त्याला विचारा, चेहरा बघून निवडू नका, सभ्य दिसतात त्यांना तर नक्की विचारा. म्हणून विचारते, तुमच्यावर डूख धरून नाही. पहिला — पैजा, पत्ते, फोनवरचे पैशांचे खेळ, जे काही असेल ते — किती खेळता याबद्दल आपल्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलंय? आणि दुसरा — आधीपेक्षा जास्त, आणखी जास्त पैसे लावावेत असं आतून होतं का? सावकाश सांगा. मेण कुठे पळून जात नाही, तुम्ही तर नाहीच नाही.

अं? जरा मोठ्यानं. मशीनची मोटर जळाली म्हणून सांगितलंत? घरी? आणि तुमच्या बाईंनी काय — स्वतःची साठवलेली पुंजी काढून दिली. हं. मग नवी मोटर बघायला त्या दुकानात आल्या नाहीत कधी? आल्या. आणि तुम्ही जुनीच पुसून दाखवलीत. मास्तर, मास्तर. एवढी कारागिरी कापडावर केली असतीत तर — नाही, थट्टा नाही करत. बरं, थोडी करते, पण वर मान करा. आणि दुसऱ्याचं? गेलेले परत आले की थांबायचं, म्हणून आणखी लावायचे. हो, सगळे हेच म्हणतात. हे बघा, दोन प्रश्नांनी कुणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. एकाला जरी हो आलं तर एवढंच ठरतं की वर जाऊन नीट बोलायचं. आजार असेल तर आजार, त्याला उपाय असतो, इतर दुखण्यांना असतो तसा. तुम्ही वाईट आहात असं कोण म्हणतंय? चांगलं शिवता. माझ्या ब्लाउजची बाही चुकवलीत एकदा, पण ते वेगळं.

आणि खेळ काय, सगळेच खेळतात हो. आमच्याच घरी बघा. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यांचाही अंगठा धरलाय — पेचकसानं. मग रविवारी मी घरीच मेण तापवलं. तर तुमच्यासारखंच, एकच हात घालतो म्हणाले. मी कुठली सोडते! दोन्ही घातले. पण फोनवर त्यांचा पत्त्यांचा डाव अर्धवट राहिलेला, जीव नुसता टांगणीला. शेवटी मीच बसले शेजारी फोन धरून. हा पत्ता दाब, आता तो दाब — मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण खरं सांगू, मजा आली. कित्येक दिवसांत एवढं खांद्याला खांदा लावून बसलो नव्हतो आम्ही. डाव गेला तर म्हणाले, ते हिरवं दाब. दाबलं. परत गेला. परत दाब म्हणाले, परत दाबलं — काय झालं? असे का बघताय?

कसलं हिरवं म्हणजे? गोल नाही, लांबट. हो, नाण्यांचं चित्र आहे वर. येतो की आवाज, खळ्ळकन, पेटीत चिल्लर ओतल्यासारखा — तुम्हाला कसं माहीत?

नाही हो. खेळातले पैसे असतील ते. लुटुपुटीचे.

खरे.

थांबा, टॉवेल सैल झालाय तुमचा, बांधते. — हात त्यांचे मेणात होते मास्तर. अंगठा माझा होता. आणि मी वर त्यांना चिडवत होते, हरायची एवढी हौस आहे तर माझ्याशी खेळा म्हणून. ते भिंतीकडे बघत होते. नाही, तसं काही नसेलही. एका हिरव्या बटणावरून — वर डॉक्टरांनी नाही का सांगितलं, घाईनं काही ठरवू नका. पण त्यांचं ते डोळ्याला लावायचं भिंग, परदेशी, वडिलांनी दिलेलं — दिसत नाही हल्ली कामाच्या टेबलावर. विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला दिलंय. मला हसू आलं तेव्हा. भिंगाला कसली हो दुरुस्ती असते? तुमची मोटर मी इथे बसल्या जागी पकडली, आणि ते —

निवलं वाटतं. आणा हात. बघा कसं सुटतं सालासारखं. दाबते इथे, दुखलं तर सांगा. मास्तर, एक विचारू? माझ्या कामाचं नाही, असंच. तुमच्या बाईंनी कसं विचारलं असतं, तर तुम्ही मोटरचं खरं सांगितलं असतंत? — रागावून नाही. रडूनही नाही. पोरांसमोर नाही, ते कळतं मला. हं. जिथून उठून जाता येणार नाही अशा जागी. आणि एकदा विचारल्यावर तिनंही उठून जाऊ नये. — बरं. लक्षात ठेवते.

उठा आता, हा घ्या फोन. आधी वर जायचं, मग घरी, उलट नाही. जिन्यानं डावीकडची खोली, मी पाठवलंय म्हणून सांगा. आणि जाताना बाहेर बघा, बाकावर चष्मा कपाळावर चढवून एक गृहस्थ बसलेले असतील, मान खाली घालून. मला न्यायला आलेत. त्यांना म्हणावं, आत बोलावलंय. कशाला ते तुम्ही सांगू नका. मेण अजून गरम आहे एवढंच सांगा, आणि दार ओढून घ्या.