बी.व्होक. पण पदवीच!

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर जागा निघाली होती. अट एकच, पदवीधर पाहिजे. मी पर्यटनात बी.व्होक. केलंय, चांगली तीन वर्षं घालून! त्यातलं सहा महिन्यांचं ट्रेनिंग तर त्याच हॉटेलच्या त्याच काउंटरवर उभं राहून केलं.

मॅनेजरनं माझं प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं. "व्होकेशनल म्हणजे आयटीआयसारखंच ना? आम्हाला ग्रॅज्युएट हवाय."

"सर, विद्यापीठाची पदवी आहे. बीए, बीकॉमसारखीच."

"बीए ऐकलंय. हे नाही ऐकलं."

झालं! बीएवाल्या मुलीला घेतलं. घरी आई म्हणते, "तरी म्हनलं व्हतं, साधं बीए कर. लोकास्नी कळतं तरी!"

आणि काल त्याच मॅनेजरचा फोन. आता मी एकदम मॅडम! "मॅडम, शनिवारी हॉटेल फुल्ल आहे आणि नव्या मुलीला बुकिंगचं सॉफ्टवेअर जमत नाहीये. दोन दिवस येऊन शिकवाल का तिला?"

म्हटलं, "सर, ग्रॅज्युएट मुलीला शिकवायला आयटीआयवाली चालेल का तुम्हाला?"